सुपरमॅनची आई काय करत होती?

रॉजर स्टर्न यांची ‘द डेथ अँड लाइफ ऑफ सुपरमॅन’ ही १९९३ ची कादंबरी मला फुटपाथवरच्या ढिगात मिळाली आणि पुढचे दोन महिने आमच्या घरात शांतता अशी नांदली नाही. पहिला आक्षेप बायकोचा, तोही पुस्तक न उघडता. “नावातच सगळं सांगून टाकलंय. आधी मेला, मग जगला. आता वाचायचं काय?” राम चौदा वर्षांनी परत येणार हे ठाऊक असूनही आपण रामायण ऐकतोच ना, असं मी म्हणून पाहिलं. “रामाचं वेगळं,” ती म्हणाली. यापुढे वाद चालत नाही.

भाच्याचा आक्षेप अभ्यासू होता. तो मूळ कॉमिक्सवाला. ‘सुपरमॅन’चा ७५वा अंक नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा दुकानांबाहेर रांगा लागल्या होत्या. अंक काळ्या पिशवीत बंद आणि आत दंडाला बांधायची काळी फीत. पुष्कळांनी पुढेमागे भाव येईल म्हणून ती पिशवी फोडलीच नाही. म्हणजे सुतक न पाळता गुंतवणूक केली. पण भाच्याचा मुद्दा चौकटींचा होता. सुपरमॅन आणि त्याचा मारेकरी डूम्सडे यांच्या मारामारीत शेवटच्या चार अंकांतून पानावरच्या चौकटी कमी होत जातात : चार, तीन, दोन, आणि ७५व्या अंकात पानभर एकच चित्र. “तुमच्या कादंबरीवाल्याने हे कसं करायचं, मामा? पानावर एकच शब्द छापायचा?”

मी गप्प बसलो, कारण पोरगं बरोबर बोलत होतं. चित्रातला ठोसा लागतो. गद्यातला ठोसा आधी उगारावा लागतो, मग हवेतून आणावा लागतो, आणि तो जबड्यापर्यंत पोचेतो वाचणाऱ्याचा चहा निवतो. बरं, स्टर्न काही बाहेरचे नव्हेत. ते ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ लिहीत होते, म्हणजे मूळ खुनातले भागीदारच. त्या खुनाचं कारणही ऐकण्यासारखं आहे. कॉमिक्समध्ये क्लार्क, म्हणजे साध्या कपड्यांतला सुपरमॅन, आणि त्याची प्रेयसी लोइस यांचं लग्न ठरलं होतं. तेवढ्यात दोघांवर टीव्ही मालिका निघायचं घाटू लागलं, म्हणून कॉमिक्समधलं लग्न पुढे ढकललं. मग मधल्या काळात करायचं काय? लेखकांनी नवऱ्या मुलालाच मारलं. आपल्याकडे मुहूर्त हुकला तर निदान दुसरा काढतात.

पुस्तक मावशीकडे गेलं ते निव्वळ तिने मागितलं म्हणून. मावशी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, जन्मात कॉमिक्सला हात न लावलेली. आठ दिवसांनी म्हणाली, “मारामाऱ्या मी सोडल्या, पंचांगातल्या जाहिरातींसारख्या. पण ते केंट म्हातारा-म्हातारी रे!” कॅन्ससमधल्या स्मॉलव्हिल गावचे जोनाथन आणि मार्था केंट टीव्हीवर आपल्या मुलाचा शेवट बघतात. सारं जग सुपरमॅनसाठी रडतंय आणि हा आमचा मुलगा, एवढं म्हणायचीही यांना सोय नाही. गावाच्या हिशेबी त्यांचा क्लार्क नुसता बेपत्ता.

“हे कॉमिक्समध्येही आहे,” भाचा म्हणाला.

“असेल. पण चार चौकटींत आईचं रडून होतं का?”

इथे मला मावशीची बाजू घ्यावीशी वाटली, आणि पुरावाही होता. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅन छापून आणला, तेव्हा त्याच्या जन्मदात्या आईबापाकडे (केंट हे सांभाळणारे) बघायला कुणाला फारशी सवड नव्हती. पुढे वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेत बाप आला तो ‘जोर-एल’ म्हणजे नावाला एकच इंग्रजी अक्षर जोडलेला, मोटारीच्या नंबरासारखा, आणि आई ‘लोरा’. १९४२ मध्ये जॉर्ज लोथर यांनी सुपरमॅनवर पहिली कादंबरी लिहिली. त्यांनी बापाच्या त्या अक्षराचं स्पेलिंग लांबवून त्याचं धड नाव केलं आणि आईला ‘लारा’ केलं. कॉमिक्सनी ती नावं पुढे मुकाट्याने उचलली. मुलगा जगप्रसिद्ध झाल्यावर आईबापाचं बारसं झालं, आणि तेही कादंबरीकाराच्या हातून.

भाच्याला हे पटलेलं नाही. लोथर यांच्या पुस्तकातली चित्रं शूस्टर यांचीच होती, हे त्याने लगेच शोधून काढलं. बायकोने अजून पुस्तक उघडलेलं नाही, तरी तिचं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. काल मी ते परत मागायला गेलो, तर मावशीने खूण घातलेलं पान दाखवून हात आखडता घेतला.

“थांब जरा. तो परत आला हे कळलंय मला. पण इतके दिवस होता कुठे, हे मार्थाबाई शेजारणीला काय सांगणार आहेत?”