पांढऱ्याच्या पोटजाती

शेडकार्डावर पांढऱ्याच्या इतक्या पोटजाती असतात, की वधूवर सूचक मंडळानेही हात टेकावेत. मोतिया, हस्तिदंती, दुधाळ, झालंच तर मोगरा. डब्यात मात्र बहुतेकांचा पाया एकच, टायटॅनियम डायऑक्साइड. दुकानातलं टिंटिंग मशीन त्यात पिवळ्या, काळ्या किंवा तांबड्या रंगाचे थेंब सोडतं आणि नामकरणविधी होतो तो त्या थेंबांचा. भिंतीवरचा पांढरा ठरवतो तो प्रकाश. उत्तरेच्या खिडकीपाशी तो निळसर, ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली दवाखान्यासारखा आणि २७०० केल्विनच्या दिव्याखाली तोच पिवळट. समोरच्या सोसायटीने गुलाबी रंग काढला की दुपारच्या उन्हात तुमचा हॉलही लाजतो.

यावर कुणी म्हणेल, दोन पांढरे शेजारी ठेवले की फरक दिसतोच. दिसतो, शंकाच नाही. पण घरात ते शेजारी येतात ते भिंत आणि छत किंवा भिंत आणि दाराची चौकट यांच्या सीमेवर. तिथे खुशाल डोकं लावावं. हॉलचा आणि बेडरूमचा पांढरा एका नजरेत ताडून पाहणारा पाहुणा सहसा येत नाही. चुन्याच्या काळात पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ पडे, की चर्चा संपे. आज खरंच निवडायचं तर आधी दिवे बसवावेत, मग भिंतीवर हातभर पट्टा मारून तो सकाळी आणि रात्री पाहावा. पण त्यात शेडकार्ड मांडीवर घेऊन बसण्याची ऐट नाही, आणि रंगाऱ्याची रोजंदारी तर चालूच असते.