सकाळी सकाळी कृष्णविवर!

शिव शिव शिव! दहा वर्षांपूर्वीचा सिनेमा. घरात एक बटण दाबलं की टीव्हीवर हजर. शेवट काय होतो तोही पाठ. आणि तरी चांगल्या घरची शिकलीसवरलेली मुलं २०२५ च्या फेब्रुवारीच्या थंडीत भल्या सकाळी अंघोळी उरकून निघाली. कुठे? तर म्हणे आयमॅक्सला, कृष्णविवराचा 'इंटरस्टेलर' बघायला! काकड आरतीला उठा म्हटलं असतं तर केवढा त्रागा झाला असता.

त्यातला रुसवाफुगवा तर आणखीच मजेदार. दहा वर्षं झाली म्हणून अमेरिकेत हा सिनेमा डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला. आपल्याकडे नेमका तेव्हा 'पुष्पा २' आयमॅक्सचे पडदे अडवून बसलेला. तो कसला झुकतोय! रक्तचंदनवाल्या पुष्पाने कृष्णविवराला दोन महिने दाराबाहेर उभं केलं. शेवटी ७ फेब्रुवारी २०२५ ला, एका आठवड्याच्या बोलीवर, स्वारी आली. तिकिटं चार आकडी गेली. चार आकडी! तेवढ्यात अख्खं कुटुंब नाटकाला जाऊन मध्यंतरात बटाटेवडे खाऊन आलं असतं. पण गर्दी हटेना, म्हणून मार्चमध्ये पुन्हा लावला. फेब्रुवारीत गेलेलेच मार्चमध्येही गेले, असं आतल्या गोटातून कळतं.

आता सिनेमाच्या दिग्दर्शकाचे, या क्रिस्टोफर नोलनचे प्रताप ऐका. मक्याचं शेत दाखवायचं होतं, तर कॅनडातल्या अल्बर्टात पाचशे एकर खरा मका पेरला. शूटिंग झालं, मका विकला, वर फायदा काढला! आपल्याकडे आयुष्यभर शेती करणाऱ्याला जमत नाही, ते या गृहस्थाने जोडधंद्यात जमवलं. त्याच मक्यातून त्याचा नायक आपल्या भारतीय हवाई दलाच्या ड्रोनमागे गाडी पिटाळतो, ते खाली उतरवतो आणि सौर सेलसाठी ताब्यात घेतो. भर दिवसा! आणि थिएटरात बसलेला एकही भारतीय 'निदान पावती तरी द्या' म्हणत नाही. सगळे खूश, आपलं नाव आलं म्हणून.

पण खरं लफडं आहे ते सिनेमातल्या कृष्णविवराशी, गार्गॅन्टुआशी. जळत्या जरीची पुणेरी पगडी घालून बसलेला अंधारच तो! भोवती तापलेल्या वायूची चकती फिरते, आणि गुरुत्वाकर्षण प्रकाशालाच असं वाकवतं की चकतीची मागची बाजू वरूनही दिसते आणि खालूनही. हे चित्रकाराच्या मनाचे खेळ नव्हेत. किप थॉर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने समीकरणं लिहून दिली आणि लंडनच्या डबल निगेटिव्ह कंपनीने त्यावरून प्रकाशाची वाट आखणारी आज्ञावली तयार केली. काही काही चौकटींना संगणकाने शंभर-शंभर तास घेतले. सेकंदाला अशा चोवीस चौकटी लागतात, म्हणजे बघा! वर त्या खटाटोपातून शोधनिबंध निघाले. सिनेमावाले शोधनिबंध लिहायला लागले तर प्राध्यापकांनी काय करायचं?

आणि सांगते, कुणाला सांगू नका, त्यात थोडी लबाडीही आहे. चकतीचा जो भाग आपल्याकडे धावत येतो तो जास्त उजळ दिसायला हवा आणि दूर जाणारा मंद. प्रेक्षक गोंधळतील म्हणून नोलनसाहेबांनी दोन्ही बाजू सारख्या केल्या. २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली खरी प्रतिमा आली, तर तिचं कडं एका बाजूला चांगलंच जाड आणि झगझगीत. चोरी पकडली गेली! भक्तांना त्याचं काही नाही. ते म्हणतात, मोठ्या पडद्यावर शनीच्या कड्यांपुढून नायकाचं यान पांढऱ्या ठिपक्याएवढं सरकतं ना, तेव्हा पैसे वसूल. हे मात्र नाइलाजाने मान्य करावं लागतं. टीव्हीवर तो ठिपका धुळीचा कण समजून फडक्याने पुसायला जाल.

रडारडीचं तर विचारूच नका. गार्गॅन्टुआजवळच्या पाण्याने भरलेल्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नायक यानावर परत येतो तोवर इथे तेवीस वर्षं उलटलेली, आणि तो मुलांचे साठलेले निरोप एकामागून एक बघत रडतो. त्याच्याबरोबर पिळदार दंडांचे, दाढ्या राखलेले बाप्येही मुसमुसतात. बहिणीच्या पाठवणीला ज्यांचा डोळा ओला झाला नाही तेही! त्यात संगीतकार हान्स झिमरने लंडनच्या चर्चमधला भलाथोरला ऑर्गन असा वाजवून घेतलाय की कधी कधी पात्रं काय बोलतात ते ऐकूच येत नाही. कुणी तक्रार करील तर शपथ.

तोच हिशेब आपल्या मध्यंतराला लावून बघा. पॉपकॉर्नच्या रांगेत पंधरा मिनिटं, म्हणजे इकडे पावणेदोन वर्षं. तेवढ्यात सोसायटीची निवडणूक होऊन नवा सेक्रेटरी बदनामसुद्धा झालेला असेल.

बरं, मराठी माणसाला या कृष्णविवराचं एवढं अप्रूप का वाटावं? जयंत नारळीकरांनी १९७४ मध्येच 'कृष्णविवर' नावाची कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली होती. तीही स्वतःच्या नावाने नव्हे, 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने! केंब्रिजहून आलेला मोठा शास्त्रज्ञ, आणि खोटं नाव घेऊन स्पर्धेत उतरतो! परीक्षकांवर नावाचं दडपण नको म्हणून म्हणे. आणि बक्षीस घेऊन मोकळे.

आणखी एक बातमी तर कानात सांगण्यासारखी आहे. गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगोच्या संस्थापकांपैकी एक म्हणजे हेच किप थॉर्न. २०१७ चं नोबेल त्यांना त्यासाठीच विभागून मिळालं. त्याच लायगोचं भारतातलं भावंड उभं राहणार आहे आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्याला २,६०० कोटी मंजूर केले. म्हणजे गार्गॅन्टुआ आपल्या सोयऱ्यांतलाच निघाला की! उद्या ही पोरं हिंगोलीची एसटी पकडून निघतील. शेजारच्या सीटवरच्या आजी विचारतील, 'नागनाथाच्या दर्शनाला का रे बाळा?' आणि हा पठ्ठ्या चेहरा न हलवता 'हो आजी' म्हणेल.