दोन टायमाच्या गोळ्या

धाराशिव जिल्ह्यात ताप आला की पहिली तपासणी मेडिकलच्या काउंटरवर होते. "भाऊ, घसा धरलाय, अंग लई ठणकतंय. जरा हेवी गोळी द्या." भाऊ कात्री घेतो, सेफिक्सिमच्या पट्टीतून दोन गोळ्या कापतो, सोबत तापाची एक, ॲसिडिटीची एक. पुडी तयार. "दोन टायमाच्या दिल्यात. फरक नाही पडला तर परत या." पावती कुणी मागत नाही, कुणी देत नाही. कळंब घ्या, उमरगा घ्या, भूम घ्या, कात्री तीच.

आता हे सेफिक्सिम साधंसुधं औषध नव्हे, प्रतिजैविक आहे. 1 मार्च 2014 पासून देशात 'शेड्यूल एच-1' लागू आहे. सुरुवातीला 46 औषधं असलेल्या त्या यादीत सेफिक्सिम आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आहे, क्षयरोगाची औषधं आहेत. यातलं काहीही विकलं की वेगळ्या वहीत नोंद करायची: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. वही तीन वर्षं जपून ठेवायची. वर दिलेल्या संवादात डॉक्टर कुठे आला, हे ज्याला सापडेल त्याने त्या रकान्यात काय लिहायचं तेही सांगावं.

दुकानात फार्मासिस्ट असतो की, असं कुणी म्हणेल. असतोच. भिंतीवर, फ्रेममध्ये, फोटोसह. 1948 च्या फार्मसी कायद्याला अपेक्षित असलेला फार्मासिस्ट चिठ्ठी वाचतो आणि स्वतः औषध देतो; आपल्याकडचा प्रमाणपत्र भाड्याने देतो आणि स्वतः दुसरीकडे नोकरी करतो. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते, तेव्हा त्यांनी 'फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे' एवढी साधी गोष्ट लावून धरली. तर राज्यातल्या औषधविक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवून निषेध केला. हजेरी लावण्याविरुद्ध गैरहजर राहून आंदोलन, हा मान बहुधा आपलाच.

हे सगळं आठवायचं कारण अमेरिकेतली एक पद्धत. तिथे औषधशास्त्राची पदवी घेतलेला मुलगा संसर्गरोगांत काम करणार असेल, तर त्याला लगेच काउंटर मिळत नाही. एक वर्ष रुग्णालयात सर्वसाधारण रेसिडेन्सी, नंतर दुसरं वर्ष फक्त संसर्ग आणि प्रतिजैविकं. हा माणूस सकाळी डॉक्टरांबरोबर राउंडला फिरतो आणि नको ते प्रश्न विचारतो. जंतू कोणता हे सांगणारा कल्चरचा रिपोर्ट आला का? मग अजून तेच जड प्रतिजैविक, मेरोपेनेम, का? रुग्णाचं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंड थकलंय, डोस कमी केला का? पेशंट जेवतोय, चालतोय, तर शिरेतलं औषध बंद करून गोळी का नाही? तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, 2014 मध्ये रुग्णालयांसाठी प्रतिजैविकांच्या शिस्तीची सात सूत्रं घालून दिली. त्यांतलं एक सूत्र फक्त फार्मासिस्टसाठी आहे. औषध कुणी लिहायचं हा वाद तिथेही आहे. पण लिहिलेलं तपासायला एक माणूस पगारावर ठेवलाय.

आपल्याकडे असा माणूस घडवायची सोय अजिबात नाही असं समजू नका. कागदावर आहे. 2008 मध्ये फार्मसी कौन्सिलने सहा वर्षांचा 'फार्म डी' अभ्यासक्रम आणला. त्याचं सहावं वर्ष रुग्णालयात काढायचं: सहा महिने जनरल मेडिसिन, आणि दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत. रुग्णालय तीनशे खाटांचं हवं. त्यात मेडिसिन सक्तीचं. बाकी शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, त्वचारोग, अस्थिरोग यांतले कोणतेही तीन विभाग पुरेत. संसर्गरोग या यादीतच नाही. ज्या देशात जगातले सर्वांत जास्त क्षयरोगी आहेत, तिथल्या यादीत!

आणि सहा वर्षं घासून बाहेर पडलेला हा मुलगा जातो कुठे? पुण्या-हैदराबादच्या एखाद्या कंपनीत, परदेशातल्या रुग्णांना झालेले औषधांचे दुष्परिणाम संगणकात भरायला. सरकारी दवाखान्यात आपण ज्याला पाहतो तो औषध निर्माण अधिकारी. पदनामात अधिकारी, कामात भांडारपाल: साठा मोजा, मुदत बघा, ई-औषधी या सरकारी संगणकप्रणालीत नोंद करा, खिडकीतून पुडकं द्या. त्याने वॉर्डात जाऊन डॉक्टरला डोस विचारला, तर आधी त्यालाच विचारतील की खिडकीवर कोण आहे.

डॉक्टरांना विचारायची गरज काय, हा प्रश्न मात्र कुणी करू नये. धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयरोगाची चिठ्ठी लिहायला सांगितली, तेव्हा ऐंशी निरनिराळे उपचार निघाले. हा अभ्यास 1991 सालचा. जवळपास वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत तीच परीक्षा पुन्हा घेतली. 106 डॉक्टरांनी 63 प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या, बरोबर आली फक्त सहा जणांची. वीस वर्षांतली प्रगती म्हणाल तर ऐंशीचे त्रेसष्ट झाले.

आता हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात आणून बघा. एखाद्या पेशंटचा क्षय नेहमीच्या औषधांना दाद देत नाही म्हणून सरकार त्याला बेडाक्विलीन फुकट देतं. त्याचा घसा दुखतो. तो काउंटरवरून ॲझिथ्रोमायसिन घेतो. दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, एकत्र आली तर जास्तच. दुसऱ्या एकाला तीन आठवडे खोकला आहे. त्याला 'छातीचा कफ' म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन मिळतं. हे औषध क्षयाच्या जंतूलाही थोडं दाबतं, त्यामुळे बरं वाटतं, थुंकी तपासायची राहते, आणि निदान व्हायला उशीर होतो. तिसरीला रिफाम्पिसिन सुरू झालं. ते शरीरातली बाकीची औषधं लवकर निकालात काढतं, म्हणजे तिच्या संततिनियमनाच्या गोळीचा भरवसा गेला. हे तिला कोण सांगणार? डॉक्टरकडे रांग आहे, खिडकीवर रांग आहे, आणि हे सांगायचं काम कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

आपल्या शेळीचं बरं आहे. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, ती उस्मानाबादीच राहिली, आणि तिला सुई देणारा निदान तिच्या वजनाचा अंदाज घेतो. माणसाला 'हेवी' म्हटलं की पुरतं.

हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असा आक्षेप येईल. कोचीच्या अमृता रुग्णालयात 2016 पासून क्लिनिकल फार्मासिस्ट प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या तपासतात आणि डॉक्टरांना बदल सुचवतात. कोची अमेरिकेत नाही. या कामाला यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. कल्चरची प्रयोगशाळा, एक शिकलेला माणूस आणि त्याचं ऐकून घेणारा विभागप्रमुख लागतो. तिसरी गोष्ट सर्वांत महाग, हे मान्य.

धाराशिवला 2022 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. निती आयोगाच्या कृपेने 2018 पासून आपण आकांक्षित जिल्हाही आहोत. तेव्हा अधिष्ठात्यांना आणि पालकमंत्र्यांना एवढीच विनंती: पदांचा पुढचा आकृतिबंध मंत्रालयात पाठवाल तेव्हा त्यात संसर्गरोगांच्या औषधतज्ज्ञाचं एक पद मागा, आणि फार्म डीच्या दोन मुलांना वर्षभर विद्यावेतनावर त्याच्या हाताखाली द्या. माझा अंदाज विचाराल तर हे पद येणार नाही. माणूस नेमायला फीत कापावी लागत नाही, कोनशिलाही बसत नाही; मग उत्साह कशाचा? अंदाज चुकवून दाखवा.