सात माणसे, एक मोटार आणि अस्वलाची पेटी

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशशुल्काचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की या व्यवस्थेत मोजमापाचे एकक माणूस नसून मोटार आहे. ग्रँड कॅन्यनला खाजगी मोटारीस सात दिवसांसाठी ३५ डॉलर पडतात, मग तीत एक जण असो वा सात. पायी येणाऱ्या गृहस्थाला मात्र एकट्यालाच २० डॉलर मोजावे लागतात. म्हणजे भरलेल्या मिनीव्हॅनमधील प्रत्येकाला ती दरी पाच डॉलरांत दिसते आणि धूर न सोडणाऱ्या पदयात्रीला चौपट दराने. १९०८ साली माउंट रेनियर उद्यानाने मोटारींवर पहिल्यांदा शुल्क बसवले, तेव्हा मोटार ही श्रीमंतांची चैन होती, आणि पुढे तीच काटकसरीचे साधन होईल असे कोणाच्या मनातही आले नसावे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

यापुढची पायरी पासाची. 'अमेरिका द ब्युटिफुल' हा वार्षिक पास निवासी माणसाला ८० डॉलरांत मिळतो आणि तिसऱ्या मोठ्या उद्यानाच्या फाटकापाशी त्याचे पैसे वसूल होतात. बासष्टी गाठलेल्यांना तितक्याच पैशांत आजन्म पास मिळतो खरा, परंतु तो नागरिकांना आणि कायम निवासाचा परवाना असलेल्यांनाच. पुण्याहून मुलाकडे आलेल्या आईवडिलांचे वय त्याला पुरते, कागदपत्रे पुरत नाहीत. १ जानेवारी २०२६ पासून तर अनिवासींचा वार्षिक पास २५० डॉलरांचा झाला असून, पास नसलेल्या, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या अनिवासी पाहुण्याला अकरा लोकप्रिय उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. इतकी वर्षे मोटारी मोजणाऱ्या व्यवस्थेला माणसे दिसू लागली, ती अशी.

ग्रेट स्मोकी माउंटन्स हे उद्यान प्रवेशशुल्काला अपवाद आहे, कारण तेथील रस्ता हस्तांतरित करताना टेनेसी राज्याने पथकर न घेण्याची अट घातली होती. तेथे प्रवेश आजही निःशुल्क आहे. फक्त पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गाडी उभी करायची असेल तर दिवसाला पाच डॉलर पडतात, आणि ८० डॉलरांचा पास त्यासाठी चालत नाही.

तथापि प्रवेश मिळणे वेगळे आणि रात्री पाठ टेकायला जागा मिळणे वेगळे. कॅम्पसाइट, म्हणजे तंबू ठोकण्यासाठी आखून दिलेली जागा, पासात येत नाही. योसेमिटी उद्यानाच्या अप्पर पाइन्स या तळावर तिला रात्रीचे ३६ डॉलर पडतात. तिचे आरक्षण पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, तेथील सकाळी सात वाजता खुले होते आणि तत्काळच्या तिकिटांप्रमाणे काही मिनिटांत संपते. उन्हाळी वेळेच्या महिन्यांत तो मुहूर्त भारतात संध्याकाळी साडेसातचा असल्यामुळे, ज्याचे इंटरनेट चांगले आहे अशा नात्यातल्या तरुणाला ठाण्यातून या कामाला जुंपण्यास तांत्रिक अडचण नाही. एवढे करून जागा मिळाली तरी तीत मुलांसह सहाच माणसे राहू शकतात, आणि मोटारीत काटकसरीने बसवलेला सातवा माणूस येथे उपरा ठरतो.

त्यानंतर अस्वलाचा विषय येतो. योसेमिटीत प्रत्येक कॅम्पसाइटवर अस्वलाला उघडता न येणारी लोखंडी पेटी असते आणि वास येणारी प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसुद्धा, तीत ठेवणे बंधनकारक असते. हा नियम करणाऱ्यांनी लसणाची चटणी, मेतकूट आणि गुळांब्याची बरणी विचारात घेतली नसावी, कारण या न्यायाने मराठी कुटुंबाचे निम्मे सामान आणि त्या सामानाशेजारी प्रवास केलेले सर्व कपडेही पेटीतच जावयास हवेत.

जमलेल्या शुल्कापैकी किमान ८० टक्के रक्कम त्याच उद्यानात खर्च होते, म्हणून पैशांची तक्रार फार ताणू नये. आईवडिलांचे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी मात्र आरक्षणाची १५ तारीख पाहावी, आणि मोटारीत बसणाऱ्यांची डोकी मोजावीत.