आप्पांचा काढा

घोडेगावच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना मला एकच शिंक आली. घरी पोचेपर्यंत ती आप्पांना कळलेली होती.

"नाक गळतंय व्हय रं? बस. मी हाये."

या "मी हाये"ला आमची अख्खी भावकी टरकून असते. आप्पांच्या बंडीला दोन खिसे. डाव्यात तंबाखूची चंची, उजव्यात बाळहिरडे. कुणी नुसता घसा खाकरला की हिरडा गालात. "चावायचा न्हाई, चघळायचा." तो इतका तुरट की माणूस अर्धा तास बोलत नाही, खोकायचंही विसरतो. आप्पा म्हणतात, "बघ, गेला खोकला!"

हिरडा आहुप्याकडच्या पाहुण्यांनी उन्हाळ्यात वाळवलेला. जून २०२०मध्ये निसर्ग वादळानं तिकडची झाडं झोडपली, तेव्हा सगळे भरपाईचं बोलत होते, आप्पा म्हणाले, "पुण्याच्या पोरांनी आता खोकायचं कुणाच्या भरवशावर?" त्याच वर्षी आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुकांचा काढा सुचवला. आप्पांनी तो पेपर जपून ठेवलाय. "आपलाच हाये. मनुका तेवढ्या त्यांनी घुसवल्या."

आप्पांच्या काढ्यात तुळस, गवती चहा, अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ, मिरी. चार कपांचा एक कप होईस्तोवर आटवायचा. प्रमाण विचारलं की तीन बोटांची चिमूट दाखवतात, "एवढं." चिमूट रोज वेगळी. मग छातीला ओव्याची पुरचुंडी, आणि रात्री हुलग्याचं शेंगोळं, लसणाचं, झणझणीत. त्या शेंगोळ्यापायी मी दोनदा खोटा शिंकलोय.

सर्दी गेली तर काढ्यानं. नाही गेली तर, "दही खाल्लंस ना?" ताप हटेना, तर मात्र आप्पाच स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेतात. निघताना डॉक्टरच्या हातावरही हिरडा ठेवतात.

परवा आप्पांनाच पडसं झालं. पाच घरांतून पाच तांबे आले, सगळे त्यांच्याच कृतीचे. एक कडूजहर, एक गुळमट, एकात चक्क मनुका. आप्पांनी प्रत्येकातला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि गरजले, "असलं कुणी शिकवलं रं तुम्हाला?"

कुणीच काही बोललं नाही. सगळ्यांच्या गालात हिरडे होते.