गुरुवारचा चित्रकार

मी चित्रकला कुणाकडे शिकलो नाही, याचं सगळं श्रेय वीज मंडळाला. विजेचा भार वाटून घ्यायला औद्योगिक भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठरल्या आणि आमच्या भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. पुढे कंपनी चाकणला गेली, पण गुरुवार सुटला नाही. चित्रकलेचे क्लास भरतात रविवारी, आणि रविवारी मी टूलरूममध्ये पत्र्याला आकार देणाऱ्या डायशी झटापट करत असतो. म्हणून मी स्वयंशिक्षित. लोकांना वाटतं, स्वभाव बंडखोर असणार.

आयटीआयच्या फिटरला ड्रॉइंग येतंच, पण ते फर्स्ट अँगल प्रोजेक्शनचं. त्यात फ्रंट व्ह्यू वर आणि टॉप व्ह्यू त्याच्या खाली. बायकोचं पहिलं चित्र मी याच शिस्तीत काढलं. चेहरा वर, आणि वरून दिसणारा अंबाडा हनुवटीखाली. पाठीमागच्या न दिसणाऱ्या गोष्टी नियमाप्रमाणे तुटक रेषेत. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, मापं तेवढी लिहू नका."

रंगाचं शिक्षण मात्र पक्कं झालं, तेही एकाच रंगाचं. डायचे दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का, हे बघायला एका भागावर प्रशियन ब्लू लावतात. बोटाच्या टोकानं, इतका पातळ की खालचं पोलाद दिसत राहिलं पाहिजे. मग प्रेसमध्ये दोन्ही भाग मिटवायचे आणि उघडायचे. समोरच्या भागावर जिथं निळं उमटलं तिथं धातू उंच आहे. तेवढाच ग्राइंडरनं घासायचा, पुसायचं, पुन्हा ब्लू. एकेका डायवर दिवसच्या दिवस जातात. याला ब्लू मॅचिंग म्हणतात. थर जाड झाला की सगळीकडेच निळं उमटतं आणि डाय खोटं बोलते. कॅनव्हासवर थरावर थर चढवायला लागलो तेव्हा एका जाणकारानं विचारलं, "ग्लेझिंगचा हात कुठं कमावलात?" मी म्हटलं, "फेंडरच्या डायवर." त्यांनी फेंडर नावाचा जर्मन चित्रकार आठवायचा प्रयत्न केला.

हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला, पुढे जपानला पोचला आणि 1831 च्या सुमारास होकुसाईनं त्यात आपली जगप्रसिद्ध लाट काढली. आमच्याकडे तो शर्टाच्या कॉलरला लागतो आणि कुठल्याही साबणाला दाद देत नाही.

स्टुडिओ म्हणजे चिखलीतल्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी. मी आणि वॉशिंग मशीन, दोघांत मिळून एक नळ. तैलरंग जवसाच्या तेलात असतात. ते पाणी उडून वाळत नाहीत, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात आणि त्यासाठी हवा तेवढा वेळ घेतात. त्याच तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेटू शकतात. कंपनीत त्या झाकणाच्या लोखंडी डब्यात जातात, म्हणून घरीही तसाच डबा ठेवलाय. तो मूळचा चकल्यांचा. त्याचं हस्तांतर कायदेशीर होतं का, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

फ्रेमा पॅलेटच्या पाइनवुडच्या. परदेशातून मशिनरीसोबत आलेल्या त्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. कीड मारायला लाकडावर प्रक्रिया केल्याची ती खूण. मी तो घासून काढत नाही. एका पाहुण्यांनी माझी सही सोडून त्या शिक्क्याचं कौतुक केलं.

मॉडेलना पैसे देणं परवडत नाही, पण कंपनीची बस आहे. पहिल्या पाळीची बस मोशी सोडते तेव्हा निम्मी बस झोपलेली असते. मान शेजाऱ्याच्या खांद्यावर, तोंड उघडं, आयकार्ड पोटावर. कलाशाळेतलं मॉडेल हलतं, चहा मागतं. आमचं मॉडेल तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्येही ढिम्म हलत नाही. हात काढणं हेच सगळ्यात अवघड, आणि झोपलेल्या वेल्डरचा मांडीवर पडलेला उघडा पंजा, त्यावरचे ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग, हे कुठल्या वर्गात मिळणार? त्या चौकातली कोंडी सुटावी अशी मागणी सगळे करतात. माझी सही त्या निवेदनावर आहे, पण अक्षर जरा पुसट आहे.

आमच्या स्वयंशिक्षितांच्या घराण्यात थोर माणसं आहेत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी कुठल्या कलाशाळेत न जाता पडदे रंगवले, सिनेमाचा कॅमेराही घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' काढला. के. एच. आरांनी मुंबईत गाड्या धुतल्या, घरकाम केलं आणि 1947 साली ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत जाऊन बसले. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. तिकडे आँरी रूसो पॅरिसच्या जकातीत नोकरीला. देशाबाहेर पाऊल न टाकता, तिथल्या वनस्पती उद्यानातली झाडं बघून त्यानं वाघांची जंगलं काढली. आमच्याकडची जकात 2013 मध्ये बंद झाली, एवढंच दुःख.

समीक्षक म्हणून क्वालिटीवाला मित्र. त्यानं माझ्या पवनामाईच्या घाटाचं चित्र हातभर लांब धरलं, तिरपं करून उजेडात पाहिलं आणि निकाल दिला, "पायऱ्या समांतर नाहीत, पण डेव्हिएशनवर पास." मला अजून कुणी याहून प्रामाणिक अभिप्राय दिलेला नाही. पुण्यातले लोक म्हणतात, कामात एक 'ऊर्जा' आहे. ऊर्जेचं कुठलं गेज असतं?

तर वाचकहो, तुमच्या कंपनीत पाइनवुडचे पॅलेट भंगारात निघणार असतील तर जरूर कळवा. गेटपास तुम्ही करा, टेम्पोचं भाडं मी देतो. फक्त बोलावणं गुरुवारचं असू द्या.