काळी दोन

मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात नाटककार, गायक नट, संगीत दिग्दर्शक आणि कंपन्यांचे मालक यांच्यावर विपुल लेखन झालेले असले, आणि मालकांच्या कर्जाची वजाबाकीही अभ्यासकांनी पैपर्यंत केलेली असली, तरी हौशी सूत्रधार या वर्गाकडे संशोधनाची दृष्टी अद्याप वळलेली नाही. हौशी सूत्रधार म्हणजे असा नट, ज्याला खरे तर अर्जुन करायचा असतो, ज्याला कृष्णही चालला असता, बलरामाची तर पाठांतरासह तयारी होती, परंतु ज्याला मंडळाच्या बैठकीत ‘तुमच्या आवाजाला सूत्रधारच शोभतो’ असे सांगण्यात येते आणि ज्याला ते पटते. नाटक सुरू होऊन पाव तास झाला की त्याचे काम संपते. त्यानंतरचे तीन तास तो रंग न पुसता, अंगावरचा शेला न काढता, प्रेक्षागृहाच्या मागच्या दाराशी उभा असतो, कारण मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत आपल्याला कोणी ओळखणारच नाही, अशी जोखीम घेण्याची त्याची तयारी नसते. प्रस्तुत लेखक सांगलीकडच्या एका मंडळाच्या ‘सौभद्रा’त अकरा वर्षे सूत्रधार असल्यामुळे पुढील विवेचनातील दाखले त्याच्यावरूनच घेतलेले आहेत, दुसरा कोणी नमुना म्हणून उभा राहण्यास राजी झाला नाही.

या वर्गाचे पहिले लक्षण म्हणजे पट्टीचा अभिमान. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात, त्यांपैकी ज्या पट्टीला गायक आपला सा मानतो ती त्याची पट्टी होय, आणि म्हणून ‘पांढरी एक’, ‘काळी एक’, ‘काळी दोन’ ही नावे गाणाऱ्यांमध्ये रक्तगटासारखी सांगितली जातात, फरक एवढाच की रक्तगट सांगताना कोणी छाती पुढे काढत नाही. पुरुषाची पट्टी जितकी वरची तितका त्याचा मान मोठा असा एक निराधार पण भक्कम समज हौशी मंडळींत रूढ आहे. पांढरी एकचा उच्चार सहसा घसा बसल्याच्या सबबीसह होतो, काळी एक ही दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाल्यासारखी हळूच सांगितली जाते, आणि काळी दोन म्हणताना मात्र समोरचा ऐकतो आहे ना, याची खात्री करून घेतली जाते. प्रस्तुत लेखकाची पट्टी काळी दोन होती. ती तशी असल्याचा शोध कसा लागला हे आता निश्चित सांगता येत नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या पल्लेदार आवाजाचे वर्णन वाचल्यानंतरच्या आठवड्यात तो लागला, एवढेच उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येते.

प्रत्येक प्रयोगाआधी, नांदीसाठी सारे नट हात जोडून उभे राहू लागले की, प्रस्तुत लेखक उजव्या विंगेतील ऑर्गनपाशी जाऊन ‘मास्तर, काळी दोन’ असे म्हणत असे, आणि पेटीमास्तर चष्म्यावरून पाहत ‘काळी दोन. जा तुम्ही निवांत’ असे उत्तर देत असत. ऑर्गन म्हणजे पायपेटी. हातपेटीत एका हाताला भात्याचीच चाकरी करावी लागते, तर यात भाता दोन्ही पायांनी हलवायचा असल्यामुळे दोन्ही हात स्वरांना मोकळे राहतात आणि नाद भरीव, सलग, नटाच्या दोन शब्दांमधली फट बुजवणारा असा निघतो. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून या वाद्याशिवाय संगीत नाटक उघडे वाटू लागले. मंडळाच्या ऑर्गनची डावी पायपट्टी दाबली की कुरकुरत असे, आणि शांत प्रसंगात ती दुसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जात असल्यामुळे मास्तर त्या पायातली चप्पल काढून पट्टीवर घडी केलेला पंचा ठेवत असत. रंगमंचावरून हे काही दिसत नाही. नटाला दिसते ते प्रेक्षागृहाचे अंधारलेले पोट आणि पहिल्या रांगेतील मान्यवरांची जांभई.

दुसरे लक्षण म्हणजे वन्स मोअरची तहान, आणि या ठिकाणी थोडे विषयांतर अपरिहार्य आहे, कारण या शब्दाचा जितका विचार व्हायला हवा तितका झालेला नाही. मराठी प्रेक्षक पद पुन्हा ऐकण्यासाठी ‘वन्स मोअर’ असे इंग्रजीत ओरडतो. इंग्रज प्रेक्षक त्याच कामासाठी ‘आँकोर’ हा फ्रेंच शब्द वापरतो. म्हणजे फ्रेंच प्रेक्षक तरी हा शब्द हक्काने वापरत असेल अशी अपेक्षा करावी, तर तो ‘बिस’ असे लॅटिनमध्ये ओरडतो. इकडे उर्दू मुशायऱ्यात आवडलेला शेर पुन्हा मागायचा झाला तर ‘मुकर्रर’ म्हणतात, आणि तो शब्द अरबीतून आलेला आहे. एकच गोष्ट दुसऱ्यांदा मागताना माणसे आपल्या भाषेतून उठून शेजारच्या भाषेत जातात, हा काही योगायोग नसावा. मागणे हे मुळात लाजिरवाणे काम, पंक्तीत जिलबी पुन्हा मागताना जसे आपण ‘यांना वाढा हो’ म्हणून शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, तसेच इथे शेजाऱ्याच्या भाषेकडे बोट दाखवले जाते. ‘पुन्हा एकदा म्हणा’ असे शुद्ध मराठीत ओरडून पाहावे. ते विनंतीसारखे न वाटता शाळेतल्या परवच्यासारखे वाटते आणि गायक दचकतो.

या पुनरावृत्तीचा त्रास केवळ आपल्याकडेच होता असेही नाही. 1786 मध्ये व्हिएन्नात मोत्सार्टचे ‘फिगारो’ रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांनी इतकी गीते पुन्हा पुन्हा म्हणायला लावली की, सम्राट दुसऱ्या जोसेफने एकाहून अधिक आवाजांची गीते यापुढे पुन्हा घेऊ नयेत असा हुकूम काढला. हुकमाचे शब्द लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहेत. एकट्याने गायलेल्या गीतावर बंदी नव्हती; एकट्या गायकाच्या अहंकाराला हात घालण्याचे धाडस सम्राटालाही झाले नाही. आपल्याकडे सम्राट नसल्यामुळे बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअरवर वन्स मोअर पडत राहिले आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालत राहिले, त्या रसिकांच्या नोकऱ्या दुसऱ्या दिवशी कशा टिकत, हा प्रश्न मात्र कोणत्याही आत्मचरित्रात आढळत नाही. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर उभे राहिले, तेव्हा तर मागणाऱ्यांचेही दोन पक्ष झाले असणार. असो. विषयांतर लांबले, पण संगीत नाटकावर लिहिताना एखादी तान मूळ पदापेक्षा लांब होणे हे परंपरेला धरूनच आहे.

अकरा वर्षांत प्रस्तुत लेखकाला एकच वन्स मोअर मिळाला. तो सातव्या वर्षी, नटीबरोबरच्या प्रवेशातील पदाला, प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूकडून, एका खणखणीत आवाजात मिळाला. पद दुसऱ्यांदा म्हणताना लेखकाने तीन नव्या ताना घेतल्या, त्यांपैकी एक कुठे संपवायची हे ठरलेले नसल्यामुळे ती तबलजींनी संपवली. पुढील चार वर्षे हा प्रसंग लेखकाने नातेवाइकांत, कार्यालयात, एसटीच्या प्रवासात आणि एकदा दंतवैद्याकडे, तोंडातील कापूस काढल्या काढल्या सांगितला. सांगण्याच्या ओघात प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूचे हळूहळू सारे प्रेक्षागृह झाले.

तिसरे लक्षण नोंदवण्यास थोडे अवघड आहे. 12 मार्च 1911 रोजी ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकिगत मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. हौशी नट ती डोळे पुसत सांगतो आणि पडसे झाले की तालीम रद्द करतो. प्रस्तुत लेखकाचे वडील वारले त्यानंतर सतराव्या दिवशी मंडळाचा प्रयोग होता. लेखक उभा राहिला, पद म्हटले आणि मागच्या दाराशी न थांबता घरी गेला. इथपर्यंत ठीक होते. परंतु पुढल्या महिन्यात, कोणीही विचारलेले नसताना, त्याने या दोन प्रसंगांतील साम्य लोकांच्या लक्षात आणून देण्यास सुरुवात केली, आणि ऐकणाऱ्यांनी शोकाचा मान राखून ते ऐकून घेतले. विनोदी म्हणून ज्या गोष्टी सांगता येतात त्यांत ही धरावी की नाही, याबद्दल लेखकाच्या मनात अजून निर्णय झालेला नाही.

पेटीमास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. संगीत नाटकाच्या साथीदाराला जो मान आज मिळतो त्याविषयी इथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते आणि ती साथ ऐकण्यासाठीही तिकीट काढले जात असे. ‘मानापमाना’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवादक होते. हौशी मंडळाच्या हस्तपत्रिकेवर मात्र नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, कपडेपट, मंडप, पाण्याच्या बाटल्या पुरवणारे आणि ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतक’ यांच्यानंतर, जागा उरल्यास, साथसंगत येते. समारोपाला नारळ-शाल आधी जाहिरातदाराला, मग त्याच्या भावाला. पेटीमास्तर तोवर ऑर्गनवर आच्छादन घालून, भाता मोकळा करून, पंचा खांद्यावर टाकून टेम्पोची वाट पाहत असत. सत्तावीस वर्षांत त्यांना रंगमंचावर, उजेडात, एकदाही बोलावले गेले नाही. बोलावण्याचे काम सूत्रधाराचे होते. तो मागच्या दाराशी उभा होता.

त्यांच्या पश्चात घरच्यांनी वह्यांचा एक गठ्ठा मंडळाकडे आणून दिला, आणि तो लावण्याचे काम, स्वतःला अभ्यासक समजत असल्याच्या शिक्षेपोटी, प्रस्तुत लेखकाकडे आले. वाण्याकडे असते तशी लांब, लाल कापडी बांधणीची वही, तीत प्रत्येक प्रयोगासाठी एक पान आणि पानावर पेन्सिलीने आखलेले पाच रकाने: पात्र, पद, मागितली, दिली, शेरा. मागितली म्हणजे नटाने सांगितलेली पट्टी. दिली म्हणजे मास्तरांनी प्रत्यक्ष वाजवलेली. सुभद्रेने काळी पाच मागितली होती, तिला काळी चार दिली होती. कृष्णाने पांढरी तीन मागितली, त्याला काळी एक दिली होती. बलरामापुढे ‘जे लागेल ते’ एवढेच होते. सूत्रधाराच्या ओळीत, अकराही वर्षे, एकाच वळणाच्या अक्षरांत: मागितली काळी दोन, दिली पांढरी एक. दोहोंत तीन अर्धस्वरांचे अंतर आहे, पेटीवर ते अंगठ्याच्या रुंदीपेक्षा फार नाही, आणि माणसाने अकरा वर्षे त्यावर ऐटीत उभे राहावे इतके ते पुरेसे आहे. दोन्ही रकाने सदैव जुळलेले असे सबंध वहीत एकच पात्र सापडले, ते म्हणजे नटी. त्या बाई पिठाची गिरणी चालवत आणि त्यांनी आपल्या पट्टीचा उल्लेख कधी चारचौघांत केल्याचे स्मरत नाही.

सातव्या वर्षीच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात ‘सू. पद दोनदा. अर्जुनाची मिशी’ अशी नोंद आहे. चौकशीअंती असे कळले की अर्जुनाच्या मिशीचा स्पिरिट गम त्या रात्री धरत नव्हता, तेव्हा वेळ काढण्यासाठी मास्तरांनी पडदा ओढणाऱ्या मुलाला प्रेक्षागृहात पिटाळून वन्स मोअर ओरडायला लावले होते. तो मुलगा आता विमा उतरवतो आणि त्याचा आवाज अजून खणखणीत आहे.

इतर पानांवर सूत्रधारासाठी शेरे फारसे नाहीत. ‘घाई’, ‘शब्द गाळला’, ‘पुन्हा घाई’, एके ठिकाणी नुसतेच उद्गारचिन्ह. नवव्या वर्षीच्या, म्हणजे वडील गेल्यानंतरच्या त्या प्रयोगाच्या पानावर मागितलीचा रकाना रिकामा आहे. त्या दिवशी लेखक ऑर्गनपाशी जायचा विसरला होता. दिलीच्या रकान्यात पांढरी सात आहे, नेहमीपेक्षाही अर्ध्या स्वराने खालची, आणि पुढे दोनच शब्द आहेत: ‘आज सुरात.’

ती वही सध्या प्रस्तुत लेखकाच्या कपाटात आहे आणि मंडळाने दोनदा मागूनही ती परत गेलेली नाही. 5 नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनासाठी ‘सौभद्रा’च्या तालमी पुन्हा सुरू झाल्या आहेत; ऑर्गनच्या जागी नवा कीबोर्ड आला आहे, वाजवणारा मुलगा गुणी आहे, आणि शेजारच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर लावलेली पट्टी लाल अक्षरांत सर्वांना दिसते. यंदा हस्तपत्रिकेत साथसंगतीचे नाव सूत्रधाराच्या वर छापावे, असा अर्ज लेखकाने मंडळाकडे दिला आहे. त्याच दिवशी नटांचे नोंदणीपत्रकही भरायचे होते, आणि त्यात पट्टीसमोर लेखकाने ‘काळी दोन’ असेच लिहिले आहे.